गोड कशाचे, कोणासाठी?

१ जून १९५५ या एकाच दिवशी देशात दोन कायदे अमलात आले. एक अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, जो संसदेने आदल्या वर्षी संमत केला होता. दुसरा अस्पृश्यता अपराध कायदा. दोघांची खाती वेगळी आणि दोघांमागच्या चळवळीही वेगळ्या. तरीही एस. टी. स्टँडबाहेरच्या हॉटेलात बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या जागेवरून पाहिले, तर हे दोन कायदे एकाच ताटलीवर येऊन भेटतात. पहिला विचारतो, ताटलीतले गोड कशाचे केले आहे? दुसरा विचारतो, ही ताटली कोणाच्या पुढ्यात येणार आहे? आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यात घराबाहेर गोड खाण्याची जी परंपरा तयार झाली, तिचा इतिहास या दोन प्रश्नांच्या आधारे नीट मांडता येतो. माझे म्हणणे असे, की बाहेरच्या गोडाची पारख याच दोन प्रश्नांनी होत आली आहे आणि आजच्या केक शॉपमधल्या पेस्ट्रीची पारखही त्यांना वगळून पुरी होत नाही.

हे म्हणणे आज मुद्दाम मांडावे लागते. सावेडीतल्या कॅफेत, संगमनेरच्या केक शॉपमध्ये किंवा शिर्डीच्या मोठ्या हॉटेलात गोड पदार्थ आला, की त्याची पारख थर किती, सजावट कशी, चॉकलेट किती ओघळते आणि फोटो कसा येतो यावर होऊ लागली आहे. डोळ्यांना सुख देणे हा पाककलेचा जुनाच भाग आहे. पेढ्यावरचा पिस्ता आणि बर्फीवरचा चांदीचा वर्खही त्यासाठीच असतो. पण डोळ्यांपुढे जाऊन पारख करायची तर पदार्थाला मागचा इतिहास लागतो, आणि तो या जिल्ह्याइतका जवळून क्वचितच सापडतो. उत्तरेकडच्या तालुक्यांत कालव्याचे पाणी, ऊस, साखर कारखाने आणि दूध. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या भागांत वर्षानुवर्षांची टंचाई. गोडाचा कच्चा माल पिकवणारा मुलूख आणि गोडधोड फक्त सणाला पाहणारा मुलूख एकाच जिल्ह्यात शेजारी नांदले. म्हणून ‘कशाचे’ आणि ‘कोणासाठी’ हे प्रश्न इथे पुस्तकात राहिले नाहीत, ते रोजच्या व्यवहारात आले.

घराबाहेर विकत घेऊन गोड खाण्याची सर्वांत जुनी जागा हॉटेल नव्हे, जत्रा. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच यात्रेतून घरोघर रेवडी जाते. रेवडी, गोडीशेव, बत्तासे, साखरेच्या गाठी हा जत्रेतल्या गोडाचा मूळ संच. त्यात दूध नाही, खवा नाही. गूळ किंवा साखर, तीळ, डाळीचे पीठ एवढ्यावर हे पदार्थ उभे राहतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात, बैलगाडीच्या प्रवासात, फडक्यात बांधून चार दिवस टिकतात. कोरड्या मुलखाने घडवलेले हे गोड आहे. त्याला सामाजिक बाजूही होती. दुसऱ्याच्या चुलीवरचा भात किंवा भाजी खायला जे लोक कचरत, तेही पाकातले, तळलेले, भट्टीवरचे पदार्थ बाजारातून घेत. शिवाशिवीच्या काळात बाजारचा खाऊ म्हणजे थोडी मोकळी हवा होती. ती पुरती मोकळी नव्हती, कारण विकणारा कोण आणि पुडा हातात द्यायचा की लांबून टाकायचा हे ठरलेलेच असे. तरी रेवडीचा पुडा सगळ्या वस्त्यांत पोहोचायचा, आणि हे त्या काळात थोडे नव्हते.

पारख करणारे गिऱ्हाईकही जत्रेतच तयार झाले. जिलेबीच्या भट्टीपुढे उभा असलेला जाणता माणूस पहिला घाणा घेत नाही. तेव्हा कढई पुरती तापलेली नसते, जिलेबी फिकी आणि मऊ उतरते. तो दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यापर्यंत थांबतो. त्याची नजर कढईपेक्षा पाकाच्या परातीवर असते. पाक एकतारी हवा. पातळ राहिला तर जिलेबी गळते आणि घट्ट झाला तर तो आत न शिरता वरच साखरेसारखा बसतो. चांगली जिलेबी मोडली की कड कुरकुरते, आतून पाक येतो, बोटे चिकटतात, पण टाळूला तेलकट थर राहत नाही. पुढे वनस्पती तूप आले आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घराघरात पोहोचले, तेव्हा टाळूची ही खूण फार कामाची ठरली. साजूक तूप तोंडात विरघळते, डालडा टाळूला धरून बसतो. कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ‘कशाचे’ या प्रश्नाचे उत्तर काढण्याची ही रीत होती आणि ती लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही अवगत होती.

दौंड ते मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव ही नावे स्टेशनांची झाली. प्रवासात खाणे ही आता गरज होती. गाडी थांबते तेवढ्या वेळात मिळेल ते घ्यायचे. पण इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुस्लिम पाणी, हिंदू चहा आणि मुस्लिम चहा असे भाग होते. वाफेवर चालणारे यंत्र नवे होते, ताटलीभोवतीचे कुंपण मात्र जुने. दुसरीकडे १८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती गेला, पुढे भिंगारला लागून छावणी वसली आणि गोऱ्या पलटणींबरोबर भट्टीचा पाव, बिस्कीट, केक हे खाणे या भागात आले. ओव्हन नावाची गोष्ट मराठी घरात नव्हती. म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बेकऱ्यांशी लोकांनी एक सुंदर तडजोड केली. दिवाळी जवळ आली की घरचे तूप, घरची पिठीसाखर, घरचा मैदा डब्यात घालून बेकरीत न्यायचा, नानकटाईचे गोळे पत्र्यावर आपल्यासमोर लावून घ्यायचे आणि भाजणावळीचे पैसे द्यायचे. भट्टी परक्याची, जिन्नस आपले. नानकटाई गरम असतानाच एखादी मोडून पाहायची; ती रवाळ फुटली तर तूप बरोबर, दगडासारखी लागली तर हात आखडला. बाहेरचे तंत्र घेताना ‘कशाचे’ हा प्रश्न आपल्या हातात ठेवण्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

गोडाच्या मुळाशी असलेली साखर मात्र दीर्घकाळ परकी होती. मराठीत ‘मोरस साखर’ हा शब्द मॉरिशसवरून आला. जावाची साखरही येई. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्काराची हाक दिली गेली, तेव्हा दोन युक्तिवाद एकत्र पुढे आले. पैसा बाहेर जातो हा एक, आणि साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात हा दुसरा. म्हणजे पेढ्याच्या साखरेत राजकारण आणि धर्म दोन्ही विरघळले होते. साखर कुठली हे विचारणे ही देशभक्तीची खूण ठरली. त्या काळी जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचे गोड गुळाचेच होते. चित्र बदलले ते पाण्याने. प्रवरेवर भंडारदऱ्याला १९१० मध्ये सुरू झालेले धरणाचे काम १९२६ मध्ये पुरे झाले. दुष्काळी मुलखाला आधार म्हणून काढलेल्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. सासवडकडचे कष्टाळू माळी बागायतदार बेलापूर-कोपरगावच्या पट्ट्यात आले, हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना झाला, आणि १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर या पट्ट्यात खासगी कारखाने वाढले. ज्या जिल्ह्याने साखर परदेशाहून येताना पाहिली, तोच एका पिढीत साखरेचा जिल्हा झाला.

साखरेच्या पारखीवरचा एक अस्सल वादही याच जिल्ह्यात, नगरच्या किल्ल्यात झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले गेले. मौलाना आझादांनी या बंदिवासात लिहिलेली पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. त्यांत चहावर त्यांनी मन लावून लिहिले आहे. चहा दुधाविना, आणि साखर स्फटिकासारखी निर्मळ हवी, हा त्यांचा आग्रह. शेजारी जवाहरलाल नेहरू. ते गोडाचे शौकीन, इतके की त्यांना गूळही आवडे. साखरेसाखरेतला फरक त्यांना जाणवून द्यायचा आझादांनी पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला, असे ते लिहितात. दोघांच्या बाजू नीट पाहाव्यात. आझादांना पदार्थाची शुद्धता हवी होती. गोडाने चहाची चव झाकू नये, एवढी ती साखर स्वच्छ असावी. नेहरूंना गोडात गोडाचाच आनंद होता आणि गुळाबद्दल त्यांच्या मनात कमीपणा नव्हता. त्या वेळी तटापलीकडचा जिल्हा गुळाचाही होता आणि साखरेचाही. आझादांची काटेकोर जीभ आणि नेहरूंची गुळाला न नाकारणारी जीभ, चांगल्या पारखीला या दोन्ही लागतात. पहिली नसली तर भेसळ खपते. दुसरी नसली तर जे महाग आणि शुभ्र तेच श्रेष्ठ ठरते.

१९५० च्या अखेरीस लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. तो उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नावांनी ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. १९६१ मध्ये तो कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्यांत गुळाचे शौकीन पंडित नेहरू होते. इथे कोणी म्हणेल, कारखाना जवळ आला म्हणून हॉटेलातली बर्फी स्वस्त झाली असे थोडेच आहे? आक्षेप खरा आहे. साखरेवर १९४२ पासून सरकारी नियंत्रण आले, ते मधूनमधून उठले आणि पुन्हा बसले. भाव आणि वाटप कारखान्याच्या फाटकावर ठरत नव्हते. उसाच्या रानात राहणाऱ्यालाही रेशनच्या रांगेत उभे राहावे लागे. पण कारखान्याने साखरेपेक्षा महत्त्वाची गोष्ट बदलली, ती म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला पैसा. उसाचे पेमेंट झाले की तालुक्याच्या गावी जाणे, मुलांना हॉटेलात नेणे, पावशेर जिलेबी बांधून घेणे ही ऐपत आली. सहकारी कारखान्यांनी सभासदांना सवलतीच्या दराने दिवाळीची साखर देण्याची रीत पाडली आणि पोते डोक्यावर घेऊन जाणारा सभासद हे गावागावातले दृश्य झाले. गोड हा आपल्या मालकीचा पदार्थ आहे, ही भावना त्या पोत्याने दिली. तो मान सभासदाचा होता, ऊसतोड्याचा नव्हता, हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे. पाथर्डीकडून आणि बीडकडून कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्यांनी जो ऊस तोडला, त्याच्या साखरेत त्यांची दिवाळी नव्हती. दिवाळीच्या सुमारास ते घर सोडून फडाच्या वाटेवर असत.

या पैशाला वाट मिळाली ती एस. टी.मुळे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. पुढच्या दशकांत स्टँड ही गावाची नवी वेस झाली आणि स्टँडबाहेर हॉटेले उभी राहिली. नगर जिल्ह्यात ‘हॉटेल’ म्हणजे राहायच्या खोल्या नव्हेत. पत्र्याचे छप्पर, लाकडी बाकडी, काचेच्या कपाटात बुंदीचे लाडू, बालुशाही, म्हैसूरपाक, पुढे भजी-मिसळ आणि उकळता चहा, एवढ्याला हॉटेल म्हणतात. सणाची वाट न पाहता, पाहुण्याचे निमित्त न शोधता, पाच मिनिटे बसून आपल्या पैशाने एक लाडू खाणे ही गोष्ट त्या बाकड्याने सामान्य केली. शहरातल्या खाणावळींनी त्यात भर घातली. अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये निघाले, बोर्डिंगे वाढली, खेड्यांतून मुले शिकायला आली. त्यांच्या आठवड्याचा कळस म्हणजे रविवारची फीस्ट. त्या दिवशी ताटात एक वाटी श्रीखंड किंवा दोन गुलाबजाम. घरापासून दूर, वेगवेगळ्या जातींची मुले एका ओळीत बसून तेच गोड खात, आणि वाटी कोणाची किती भरली यावरून भांडत. बरोबरीचा हक्क असल्याशिवाय असे भांडण होत नाही.

तो हक्क सर्वांना आपोआप मिळाला नव्हता. हॉटेलच्या बाहेरच्या वळचणीला वेगळी कपबशी ठेवलेली असे. दलित गिऱ्हाइकाने ती घ्यावी, वरून ओतलेला चहा प्यावा, कप स्वतः विसळून परत ठेवावा. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे तो याच अनुभवातून. १९५५ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हाच गुन्हा ठरवला. घटनाकार आणि खासदार कपबशीपर्यंत खाली उतरले, कारण माणसाचा मान तिथेच दुखावला जात होता. कायदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वळचणीचा कप फुटला असे कोणी समजू नये. खेड्यापाड्यांत तो पुढेही वर्षानुवर्षे टिकला. पण तेव्हापासून त्या कपाला रूढी म्हणता येईना, त्याचे नाव अपराध झाले. म्हणून मी म्हणतो, एखाद्या हॉटेलची जिलेबी कितीही कुरकुरीत असो, तिथे वळचणीला वेगळी कपबशी असेल तर ते हॉटेल वाईट. हा निकष पदार्थाबाहेरचा वाटेल. पण पंगतीत बसवूनही वाढले नाही तर अन्नाचा दोष कोणी काढत नाही, यजमानाचाच काढतो, आणि मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने ‘कोणासाठी’ या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. रोजगाराच्या कामांवर लाखो माणसे खडी फोडत असताना मिलो ज्वारी आणि सुकडी वाटली गेली. गूळ घातलेली पिठाची सुकडी हा चवीने फार मोठा पदार्थ नव्हता, पण ती तळहातावर सारखी पडत होती. त्या वर्षीची मुले आज साठी ओलांडलेली माणसे आहेत आणि त्यांच्या तोंडी सुकडीचे नाव आजही येते, ते चवीपेक्षा वाटपामुळे. दुष्काळानंतर जिल्ह्याने दुसरा आधार शोधला, दूध. संकरित गाई आल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही तिहेरी संकराची गाय दिली. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांत सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्यांच्या रांगा लागू लागल्या. दूध वाढले तसा खवा वाढला आणि हॉटेलच्या काचेच्या कपाटात बुंदीच्या लाडवाशेजारी पेढा, बर्फी, कलाकंद कायमचे येऊन बसले. खव्याची पारख हलवाई अशी करतात: चिमूटभर खवा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायचा. अस्सल असेल तर हाताला तूप सुटते आणि वास दुधाचा येतो. पीठ मिसळले असेल तर तो चिकटतो, सुरकुततो, आणि वास कोरडा येतो. यंत्राविना होणारी ही परीक्षा आजही कोणी करू शकतो.

शिर्डीत दोन्ही प्रश्नांना मिळालेले उत्तर पाहण्यासारखे आहे. साईबाबा स्वतः हंडी चढवून गोड भात आणि इतर अन्न शिजवत व आलेल्या सर्वांना वाढत, याचे वर्णन दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त अडतिसाव्या अध्यायात आहे. गावातली एक हंडी पुढे प्रसादालयाच्या रूपाने इतकी मोठी झाली, की तिथे सूर्यशक्तीच्या वाफेवर स्वयंपाक होतो. त्या पंगतीत नाव, गाव, जात विचारली जात नाही. त्याच शिर्डीत पेढ्याची असंख्य दुकाने आणि वातानुकूलित हॉटेलेही आहेत. कोणी म्हणेल, प्रसादाची तुलना उपाहारगृहाशी कशाला? प्रसाद श्रद्धेने खातात, त्याला गुण देत नाहीत. मान्य. पण प्रसादाने या भागातल्या माणसाच्या मनात एक माप ठेवले. लाडू सर्वांना सारखा, वाढणाऱ्याचा हात सारखा. पंगतीतून उठून तो समोरच्या हॉटेलात जातो तेव्हा तेच माप बरोबर नेतो. काचेआडचा पेढा आणि पंगतीतला लाडू एकाच दिवशी खाल्ले, की चवीबरोबर वागणुकीतला फरकही कळतो.

आता आजच्या पेस्ट्रीकडे येऊ. तिच्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप, ती परकी आहे, मला टिकणारा वाटत नाही. जिलेबी हा शब्द अरबी ‘जुलाबिया’वरून आला आणि गुलाबजामच्या नावातला गुलाब फारसी आहे. केकही छावणीच्या काळापासून या मातीत आहे. परके असणे हा दोष धरला तर आपल्या सणाच्या ताटातले निम्मे पदार्थ उठवावे लागतील. खरा प्रश्न जुनाच आहे: कशाचे? दुधाने भरलेल्या या जिल्ह्यात केकवर चढवले जाणारे व्हिप क्रीम पुष्कळदा दुधाचे नसते, पाम तेलासारख्या वनस्पती चरबीचे असते. आइस्क्रीम समजून खाल्लेला कप नीट वाचला तर त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेले निघते. त्याचा अर्थ दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. यात बेकायदा काही नाही, लेबलवर सांगितले तर. पण डालड्याची खूण टाळूवर ओळखणाऱ्या आजीचा नातू हे ओळखत नसेल, तर आपण मागे गेलो. श्रीरामपूरजवळच्या प्रभात डेअरीचा दुधाचा व्यवसाय २०१९ मध्ये लॅक्टालिस या फ्रेंच समूहाकडे गेला. पेस्ट्रीच्या देशातल्या कंपनीला या भागाच्या दुधाची किंमत कळली, मग त्याच दुधाच्या सायीची चव इथल्या केक शॉपने गिऱ्हाइकाला का देऊ नये?

‘कोणासाठी’ हा प्रश्नही केक शॉपमध्ये नव्या वेशात उभा आहे. नगर शहरात आणि जिल्ह्यात अंडे न खाणारा जैन समाज मोठा आहे. आचार्य आनंदऋषीजींचा जन्म पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा आणि अखेर नगरमध्ये. अंड्याशिवायचा केक या भागात सहज मिळतो, ही काही तडजोड नव्हे. वाढदिवसाच्या टेबलाशी कोणी रिकाम्या हाताने बसू नये म्हणून बेकरीवाल्यांनी कमावलेले ते कसब आहे. अंड्याने येणारा हलकेपणा दही, सोडा किंवा आटवलेल्या दुधाने आणणे सोपे नाही. अशा केकची पारख करताना, मूळ केकशी तुलना करून कमी गुण देणे मला योग्य वाटत नाही. जास्त माणसांना एका टेबलावर आणणारी बिनचूक कृती ही पाककलेची वाढ आहे. दुसऱ्या बाजूला, टेबल पुसणारा, ताटल्या उचलणारा कोण हेही पाहायला हवे. हॉटेलातला ‘पोऱ्या’ हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला, की तो शाळेच्या वयाचा मुलगा आहे हे लोक विसरले. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवणे कायद्याने बंद झाले. कपबशीइतकीच ही गोष्टही गोडाच्या पारखीत येते.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की चव ही चवच असते; तिच्यात इतिहास, कायदा, समाज घुसडला की ती पारख राहत नाही, प्रवचन होते. शिवाय जुन्या काळाचे गोडवे गाताना तेव्हाची भेसळ, माश्या बसलेली जिलेबी, चार दिवसांची शिळी बर्फी विसरली जाते. दुसरा भाग पूर्ण मान्य आहे. जुने ते सगळे चांगले असते तर १९५४ चा भेसळीचा कायदा करावाच लागला नसता, आणि सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आणावा लागला नसता. आजची स्वच्छता, फ्रीज, तारखेची पाटी या खऱ्या सुधारणा आहेत. पहिल्या भागाला मात्र उत्तर आहे. रंग, पोत, वास, गोडी यांची पारख सोडा असे मी म्हणत नाही. एकतारी पाक, हाताला सुटणारे तूप, रवाळ फुटणारी नानकटाई, टाळूवरचा थर, या सगळ्या चवीच्याच परीक्षा आहेत. पण त्यातली प्रत्येक परीक्षा कोणत्या तरी फसवणुकीला उत्तर म्हणून जन्मली. जिभेला शिकवण इतिहासाने दिली. इतिहास काढून घेतला तर जिभेजवळ उरते ते गोड आणि जास्त गोड एवढेच.

म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर उभे राहिलो, की दोन साधे प्रश्न मोठ्याने विचारायला संकोचू नये: क्रीम दुधाचे आहे का, आणि आज कधी केले? चांगला मालक यावर रागावत नाही. ज्याचा माल खरा असतो तो स्वतःच चमच्यावर थोडे चाखायला देतो, जसा जुना हलवाई खव्याची चिमूट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत असे. तिसरा प्रश्न विचारायचा नसतो, तो पाहायचा असतो. वेटरशी मालक कसा बोलतो, साधे कपडे घातलेले कुटुंब आत आले तर त्यांना टेबल मिळते की दाराशीच थांबवले जाते, ऊसतोडीच्या टोळीतला माणूस मुलीच्या हाताला धरून काचेजवळ आला तर तिच्या हातात पेस्ट्रीची ताटली तशीच येते का, जशी बाकी सगळ्यांच्या हातात येते. ज्याच्या कोयत्याने साखर झाली, त्याच्या मुलीला ती ताटली मिळाली आणि वरचे क्रीम याच जिल्ह्याच्या दुधाचे निघाले, तर त्या दुकानाचे गोड चांगले आहे असे म्हणायला मला कसलीही अडचण नाही.